साहेबांची कादंबरी आणि माझी पातेली

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला स्वयंपाक येतो. उत्तम येतो! माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाला बरं म्हटलं नाही, पण माझ्या हातचं जेवल्या की त्या गप्प बसायच्या. आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे केवढं मोठं सर्टिफिकेट, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा "ती होय, कादंबरीवाल्या साहेबांकडची करपवणारी बाई" असं अख्खा रस्ता जेव्हा माझ्याबद्दल बोलायला लागला, तेव्हा माझ्या जिवाचा कसा तिळपापड झाला असेल, तुम्हीच सांगा.

परवा एक पत्रकार आला होता. साहेबांच्या सहवासातल्या हृद्य आठवणी सांगा म्हणाला. त्याला वाटलं, ही आता डोळे पुसत साहेब किती साधे, किती प्रेमळ असं काहीतरी सांगणार. मी म्हटलं, बाबा, बस, चहा घे, आणि पातेल्यांची गोष्ट ऐक. अर्ध्यावरच उठला. गाडी चुकेल म्हणाला. तुम्हाला घाई नसेल तर तुम्ही ऐका.

साहेब म्हणजे केवढे मोठे! दर आठवड्याला साप्ताहिकात त्यांच्या कादंबरीचं एक प्रकरण यायचं, आणि त्या दिवशी कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच साबणात ठेवून वाचत बसायचा. गिऱ्हाईकही रागवायचं नाही, "मोठ्याने वाच" म्हणायचं. आणि अशा या साहेबांना घरात हाक काय, तर "बंड्या"! ही हाक मारायच्या त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का. आईवडील लवकर गेले म्हणून आक्कांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर सगळी शिस्त घरी घेऊन आल्या. घरात माणसं दोनच, पण चपला सरळ रांगेत. साहेबांचं प्रत्येक प्रकरण आपण सगळ्यांत आधी, हातात लाल पेन्सिल घेऊन ऐकतो, याचा आक्कांना फार अभिमान. आल्यागेल्याला सांगायच्या. दूधवाल्याला तर सांगायच्याच.

आता खरं काय ते सांगते. सगळ्यांत आधी आक्का नव्हत्या. मी होते.

सकाळी आक्का फिरायला बाहेर पडल्या, की जिन्यावरून त्यांची पावलं उतरेपर्यंत साहेब दबा धरून बसायचे आणि मग कागद घेऊन स्वयंपाकघरात यायचे. तांदळाच्या पिंपावर बसायचे. "मावशी, जरा ऐका," म्हणायचे. मला तिथे सगळे मावशीच म्हणत. पहिल्यांदा मी म्हटलं, "साहेब, मला यातलं काय कळतंय?" तर म्हणाले, "कळून घेऊच नका. तुम्ही तुमचं काम चालू ठेवा." आता ते काम चालू ठेवणं, तेवढंच काय ते मला जमलं नाही.

कादंबरी होती दोन भावांची. नदीकाठी राहणारे, दोघेही होडी चालवणारे, आणि कुठल्याशा फालतू कारणावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले. एकाच अंगणात दोघांच्या चुली, पण बोलणं म्हणून नाही. बरं, वाचायचे तरी कसे! थोरला गप्प व्हायचा तेव्हा साहेबही एवढे गप्प व्हायचे की मला पळीनेसुद्धा आवाज करायची भीती वाटायची. पळी वर धरून मी उभी. खाली भात. भाताखाली गॅस आहे हे भाताला ठाऊक होतं, मला नव्हतं.

मग आक्का परत यायच्या. जिन्यातूनच नाक वर.

"आज काय आहे गं जेवायला?"

"भात, आक्का."

"कुठंय?"

पातेल्यात बघून ओळखता येत नसे, हे मी कबूल करते. गंमत म्हणजे साहेब पानावर बसून तो काळा भात असा चवीने खायचे की जणू लग्नाची पंगत आहे. मी दारातून डोळ्यांनी खुणावायची, अहो, बोला की! साहेब खिडकीबाहेर बघायचे. शेवटी एकदा मी त्यांना जिन्यात गाठलंच. म्हटलं, "साहेब, सांगा ना आक्कांना, हे तुमच्या वाचण्याने होतंय म्हणून. माझं नाव खराब होतंय." साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, तुमच्या पाया पडतो, पण हे आक्काला कळू देऊ नका. पहिली आपण असं तिला वाटतं. ती मोडून पडेल." जरा विचार करून म्हणाले, "आणि आधी मला मोडेल."

झालं! बसले मी तोंड दाबून.

होता होता एके दिवशी साप्ताहिकाचे संपादक जेवायला आले आणि नेमके त्याच दिवशी वाटाण्यांचे खडे झाले. संपादक भला माणूस, पण त्यांचा एक दात कच्चा होता. ते गाल धरून गेल्यावर आक्का स्वयंपाकघरात आल्या. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाल्या, "हे बघ, आणखी एकदा काही करपलं तर पलीकडच्या गल्लीत तो हॉटेलातला निवृत्त आचारी राहतो ना, त्याला मी ठेवून घेणार. मग तू तुझ्या घरी सुखाने काय हवं ते करपव."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. नोकरीची काळजी होतीच, नाही कशी म्हणू? पण त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डब्यांना तो मिशाळ माणूस हात लावणार! आणि होडीवाल्या भावांचं पुढे काय झालं ते मला चार लोकांसारखं साप्ताहिकातून, न्हाव्याने वाचून झाल्यावर कळणार! छे! मी ठरवलं, काही झालं तरी आता या घरात दाणा करपू द्यायचा नाही.

एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट चार लोकांना सांगितली की ती साधी राहत नाही.

पहिला सल्ला घरचा. आमचे हे म्हणाले, "ते वाचतात तेवढा वेळ गॅस बंद ठेव." आमच्या ह्यांचं म्हणणं नेहमी बरोबर असतं, म्हणूनच ते ऐकवत नाही. तरी ऐकलं. दुसऱ्या दिवशी साहेब पिंपावर बसले, मी गॅस बंद केला. साहेब वाचता वाचता थांबले.

"गॅस का बंद?"

"असू द्या हो, तुम्ही वाचा."

"छे छे, माझ्यामुळे तुमच्या कामात व्यत्यय नको," असं म्हणून ते उठले, आणि स्वतःच्या हाताने काडी ओढून त्यांनी गॅस पेटवला! एवढा मोठा माणूस, आणि माझ्या कामाची एवढी काळजी! माझे डोळे भरून आले. त्यात धाकट्याची होडी पुराच्या पाण्यात शिरली. त्या दिवशी काय झालं असेल ते सांगायला नको. नशीब, कोबी होता, खिडकीतून मागच्या अंगणात टाकला आणि आक्कांना पाव दिला.

दुसरा सल्ला घड्याळवाल्याचा. हा आमच्या वाटेवरच बसायचा. त्याने त्याच्याकडचं गजराचं घड्याळ दिलं. म्हणाला, "मावशी, मेलेला माणूस उठेल असा गजर आहे." साहेब वाचत होते, थोरला काठावर येऊन उभा राहिला होता, श्वाससुद्धा ऐकू येईल अशी शांतता, आणि ते मेलं घड्याळ बोंबललं! मी दचकून त्याला धक्का दिला तर ते उसळून थेट डाळीत. डाळीतही वाजतंच होतं. साहेबांनी तशाच आवाजात प्रकरण पुरं केलं, पण मग ते डाळीत वाकून फारच निरखून बघायला लागले. मला वाटलं, घड्याळ शोधताहेत.

मग घड्याळवालाच म्हणाला, हल्ली आपोआप विझणारी शेगडी मिळते, गॅसच्या कचेरीत जा. गेले. खिडकीमागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "गॅस गळतो?"

"नाही."

"पेटत नाही?"

"पेटतो की. छान पेटतो."

"मग तक्रार काय आहे?"

"पेटलेलाच राहतो."

"बंद करा."

"तेच राहून जातं."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "राहून जातं" याला त्यांच्याकडे सोय नव्हती. त्याने दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथून तिसऱ्या, आणि तिसऱ्या खिडकीवरच्या बाईने कुणीतरी जेवायला गेलेला माणूस येईपर्यंत बसवून ठेवलं. या सगळ्यांतून निष्पन्न काय, तर आमच्या शेगडीची ज्योत संशयास्पद आहे असं ठरलं, आणि तपासायला एक टोपीवाला तपासनीस घरी आला. आला तो कधी? सकाळी, ऐन वाचनाच्या वेळी! साहेबांना वाटलं मी बोलावलंय, मला वाटलं साहेब थांबतील, कुणीच काही बोललं नाही. तपासनीस गुडघ्यावर बसून नळीला काहीतरी लावत होता. साहेब वाचत होते. हळूहळू त्याचे हात थांबले. मग त्याने टोपी काढून बाजूला ठेवली. बाजूला म्हणजे शेगडीवर.

टोपी पायाखाली तुडवून विझवल्यावर तो मोठ्या इभ्रतीने म्हणाला, "शेगडीत काही दोष नाही." दारापर्यंत गेला, मागे वळला, आणि हळूच मला विचारलं, "बाई, तो धाकटा वाचतो का हो?"

मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हतं!

शेवटी सगळ्यांत सोपा उपाय सुचवला शेजारच्या नर्सबाईंनी. "कानात कापूस घाला की," म्हणाल्या आणि दवाखान्यातला असा घट्ट बोळा दिला की मला माझा आवाजही ऐकू येईना. साहेबांचे ओठ हलताहेत, हात हलताहेत, मी मधूनमधून "हं, हं" करतेय, आणि भात? काय सांगू तुम्हाला, दाणा न् दाणा सुटा! बटाटे सोनेरी. दूध अगदी कडेपर्यंत येऊन शहाण्यासारखं खाली बसतंय. आक्कांनी पहिला घास घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "बरं झालंय." मुख्याध्यापिकेच्या तोंडून "बरं"! त्या दिवशी मी घरी चालत नाही गेले, उडत गेले.

आणि इकडे साहेब वाळायला लागले.

रोज यायचे, वाचायचे, वाचून झालं की पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघायचे, आणि खांदे पाडून निघून जायचे. कागद फाडल्याचा आवाज वरच्या खोलीतून यायचा. पानात एवढं सुंदर अन्न, पण घास घशाखाली उतरत नसे. मला मेलीला वाटायचं, करपलेल्याची सवय झालीय, होईल हळूहळू नीट. साप्ताहिकात छापून आलं की लेखकाची प्रकृती बरी नसल्याने या आठवड्यात प्रकरण नाही. मग पुढच्या आठवड्यातही नाही. रस्त्यावर अवकळा आली. न्हावी मुकाट्याने पूर्ण दाढ्या करायला लागला. डॉक्टर येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही, जाताना त्यांनीही भावांचं पुढे काय होतं ते विचारलं.

एके सकाळी मी भात ढवळायला वाकले आणि एका कानातला बोळा निसटला. वाचन संपलं होतं. साहेब पातेल्यात बघत स्वतःशीच म्हणत होते, "आजही नाही. पांढराशुभ्र."

"साहेब, भात पांढराच असतो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग त्यांच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. "मावशी, गेली तीन पुस्तकं मी तुमच्या पातेल्यावर लिहिली. भात करपला, की प्रकरण पक्कं. नुसता बुडाला लागला, की थोडी काटछाट. दूध उतू गेलं पण भात वाचला, तर शेवट बदलायचा. टीकाकारांचं काय हो, ते जेवून लिहितात. पण तुमचं पातेलं कधी चुकलं नाही. आणि आता बघा! रोज वाचतो, रोज पांढरा. मी संपलो, मावशी."

माझा पारा असा चढला म्हणता! म्हणजे या माणसाला ठाऊक होतं! मी आक्कांची बोलणी खात होते, रस्ता मला करपवणारी म्हणत होता, आणि हे पानावर बसून माझ्या बदनामीचा भात चवीने खात होते! आणि तो गॅस! माझ्या कामाची काळजी म्हणून मी डोळे पुसले होते! मी झाकण असं आदळलं की त्याला पोचा पडला. खूप बोलणार होते. पण साहेब पिंपावर बसले होते, कागद हातातून गळून पडले होते आणि ते उचलायचंही त्यांना भान नव्हतं. मग कसलं बोलतेय! कापसाचं सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण तुमचं वाचन ऐकू येऊ नये म्हणून मी कान बुजवले, हे लेखकाला कसं सांगायचं? त्यापेक्षा विष दिलेलं बरं.

रात्रभर तळमळून मी एक तोड काढली. आमच्या ह्यांना विचारलं नाही, कारण त्यांनी नको म्हटलं असतं आणि ते बरोबर निघालं असतं. तोड अशी की साहेबांना धीर यावा म्हणून मीच काहीतरी करपवायचं, पण बेताने. खालचे बटाटे काळे, वरचे सोनेरी. वरचे आक्कांना, खालचे साहित्याला. हिशोब चुकू नये म्हणून डोकं ठिकाणावर हवं, म्हणून कापूस कानातच ठेवला.

साहेब वाचत होते, मी गॅस मोठा केला. धूर निघाला. साहेबांनी नाक वर केलं, उठले, पातेल्यात बघितलं आणि अहो, तो माणूस नाचला! खरंच नाचला, पिंपाभोवती! एक काळा बटाटा बोटं भाजत उचलून खाल्ला आणि तसेच कागद घेऊन, दुरुस्ती नाही, काही नाही, थेट छापायला द्यायला धावले. मलाही इतका आनंद झाला की त्या आनंदात मी पातेलं ताटात उपडं केलं. उपडं केल्यावर खालचे वर आले. आणि तसंच ते आक्कांसमोर गेलं.

आक्कांनी ताट बाजूला सारलं. चपला घातल्या आणि पलीकडच्या गल्लीत गेल्या.

तेही मी सोसलं असतं. पण दोन दिवसांनी साप्ताहिक आलं. लोक तुटून पडले आणि थोड्याच वेळात रस्त्यावर बोंब उठली. अख्ख्या प्रकरणात काय होतं, ठाऊक आहे? दोर! थोरला हातात दोर घेऊन काठावर उभा, आणि दोर कशाचा करतात, कसा वळतात, भिजल्यावर किती आटतो! धाकटा पुरात गटांगळ्या खातोय, त्याचं कुणाला काही नाही. न्हाव्याच्या हातून रागाच्या भरात एका गिऱ्हाइकाची मिशी गेली. संपादकांचा कच्चा दात पुन्हा ठणकायला लागला.

साहेब ते साप्ताहिक घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वाचायला आलेत असं वाटून मी एका कानात बोळा घातलाही होता. "मावशी, हे ऐकताना तुमचे बटाटे करपले?"

मी पदर कानावर ओढला.

"तुमच्या कानात काय आहे?"

त्यांनी स्वतः बोळा ओढून काढला. हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही माझ्याशी बटाट्यांनी खोटं बोललात!"

"आणि तुम्ही माझ्या नावावर तीन पुस्तकं करपवलीत!" मीही सोडलं नाही. "मी चुकले नाही. तुमच्या भल्यासाठीच केलं. आता बसा तुमचे दोर वळत!"

त्या क्षणापासून आमचं बोलणं बंद. ते चहाला येईनात, मी विचारीना. चहाचा कप जिन्याच्या पायरीवर ठेवायचा, रिकामा कप पायरीवरून उचलायचा. मला वाटलं होतं की राग आला की बरं वाटतं. कसलं काय! सकाळी आक्का बाहेर पडल्या की पिंप रिकामं दिसायचं, आणि माझ्या भाताला काही धाड भरत नव्हती, तो छान होत होता, आणि मला रडू येत होतं.

आणि आचारी आला. मिशा होत्याच. स्वतःच्या सुऱ्या कापडात गुंडाळून घेऊन आला होता. माझे डबे एकेक उघडून वास घेत म्हणाला, "माझ्या हातून आजवर दाणा करपलेला नाही." आक्कांनी मला सांगितलं, "त्याला सगळं कुठे आहे ते दाखव, आणि दुपारची जेवणं झाली की तू मोकळी." बाहेरच्या खोलीत संपादक शेवटच्या प्रकरणासाठी ठाण मांडून बसले होते, तेही आज जेवायला होते. साहेबांनी लिहिलंय की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी हळदीचा डबा दाखवत होते आणि मनात म्हणत होते, संपलं गं बाई तुझं इथलं.

तेवढ्यात साहेब आले. दाढी वाढलेली, हातात कागद. माझ्याकडे बघितलं नाही. आचाऱ्याकडेही नाही. आक्का नेहमीसारख्या फिरायला गेल्या असं ते धरून चालले होते, मीही. पिंपावर बसले आणि समोरच्या भिंतीला वाचून दाखवायला लागले. मीही दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं. कानात कापूस नव्हता.

थोरल्याने दोर फेकला. धाकट्याच्या होडीत अगदी मांडीवर पडला. धाकट्याने तो उचलला आणि पाण्यात टाकून दिला! मरेन, पण तुझा दोर धरणार नाही! थोरल्याने ओढून घेतला, पुन्हा फेकला. पुन्हा पाण्यात. होडी वळणाकडे चाललेली, वळणानंतर काही नाही. आता थोरल्याने बोलायला हवं. पण इतकी वर्षं तोंड बंद, काय बोलणार? चुकलो म्हणायचं तर चूक कुणाची तेच आठवत नव्हतं. ये म्हणायचं तर तो येत नव्हता. साहेब थांबले. मी वळून बघितलं.  मग त्यांनी थोरल्यासारखे दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले,

"जेवलास का रे?"

आणि धाकटा होडीत मटकन खाली बसला आणि रडत रडत म्हणाला, "नाही रे दादा." आणि त्याने दोर धरला.

मी तर हमसाहमशी रडत होते. धूर किती झालाय ते दिसतच नव्हतं. आचारी पळी वर धरून उभा होता, मिशांवरून पाणी ओघळत होतं, आणि त्याच्यासमोर त्याचा भात जळून कोळसा झाला होता, दूध उतू जाऊन शेगडी विझवत होतं, कांदे तर पेटलेच होते! "वाचला!" मी ओरडले. "साहेब, वाचला हो!" साहेबही रडत होते, हसत होते. आमचा अबोला कुठच्या कुठे वाहून गेला.

पण आणखी एक वास येत होता. कापडाचा.

स्वयंपाकघराला लागून जी बोळकंडी होती, तिथून आक्का आत आल्या. नव्या आचाऱ्यावर लक्ष ठेवायचं म्हणून त्या फिरायला गेल्याच नव्हत्या, तिथे कपड्यांना इस्त्री करत होत्या. साहेब उठून उभे राहिले, चोरी पकडलेल्या शाळकरी पोरासारखे. सगळ्यांत आधी आचारी भानावर आला. त्याने पातेल्यात बघितलं, सुऱ्या गोळा केल्या, कापडात गुंडाळल्या आणि आक्कांना हात जोडून म्हणाला, "बाई, मला माफ करा. या घरात स्वयंपाक कुणालाच जमायचा नाही. ही मावशी इतकी वर्षं कशी टिकली, देव जाणे!" आणि गेला. जन्मभर पुरेल एवढा मान तो माणूस मला देऊन गेला, पण ऐकायला मी जागेवर होते कुठे? मी आक्कांकडे बघत होते.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आधी इथे वाचतोस."

"आक्का..."

"कधीपासून?"

साहेबांनी मान खाली घातली. "आक्का, तू ऐकतेस तेव्हा तुझ्या हातात लाल पेन्सिल असते. तुझ्यामुळे माझं एक वाक्य चुकीचं जात नाही. पण मावशी ऐकतात तेव्हा त्यांना कशाचंच भान राहत नाही. मला तेही हवं असतं गं. तू लहानपणापासून मला तपासलंस, तुला भान विसरून ऐकता यायचं नाही."

आक्कांचा चेहरा बघवत नव्हता. मी इतकी वर्षं त्यांची बोलणी खाल्ली, पण त्या क्षणी मला वाटलं, साहेबांच्या तोंडावर हात ठेवावा.  पाठीमागे धरलेला हात आक्कांनी पुढे आणला. हातात साहेबांचा चांगला सदरा होता, आणि त्याच्या बरोबर पाठीवर, इस्त्रीच्या आकाराचं, कडा जळलेलं, आरपार भोक!

"मग हे काय आहे, बंड्या?" आक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

साहेबांनी तो सदरा हातात घेतला. भोकातून हात घालून बघितला. मग तोंडाशी धरून त्याचा वास घेतला आणि लहान पोरासारखे आक्कांच्या गळ्यात पडले. बाहेरून संपादकांनी आत डोकावून विचारलं, जेवायला वेळ आहे का, आणि धूर बघून ते स्वतःच मागे फिरले.

बऱ्याच वेळाने आक्कांनी डोळे पुसले, साहेबांना बाजूला केलं आणि स्वतः पिंपावर बसल्या. पेन्सिल नव्हती, दोन्ही हात मोकळे होते, ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. "वाच पुन्हा," म्हणाल्या, "पहिल्या ओळीपासून." मग माझ्याकडे वळून, "आणि तू अशी बघत काय उभी राहिलीस? दुसरा भात चढव."

नोकरी कायम झाल्याचं याहून चांगल्या शब्दांत मला कुणी कधी सांगितलेलं नाही. मी भात चढवला, साहेबांनी वाचायला सुरुवात केली, आणि दुपारी आम्ही सगळ्यांनी, संपादकांनीसुद्धा, कोरडा पाव खाल्ला.